विचारा, सांगते : कळ एक, अक्षर भलतंच

या खेपेस टपालात कीबोर्डाचीच पत्रं फार. तीही खिडक्या-चित्रं असलेल्या डेस्कटॉपची नाहीत. काळा पडदा, त्यावर नुसती अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर, म्हणजे कन्सोलची. माझा जन्मच (नोकरीतला) अशा पडद्यासमोर झाला. एका सहकारी बँकेत हिरव्या अक्षरांच्या टर्मिनलवर युनिक्स शिकले आणि आता एका कॉलेजची लॅब सांभाळते, त्यामुळे हा अंक कन्सोललाच देऊन टाकते. एक खुलासा आधीच करते. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, मशीनवर त्या रोमन अक्षरांत टंकायच्या. आकडेही तसेच. स्पेलिंग अडेल तिथे फोडून सांगेन.

प्रश्न : ताई, मी मूळचा सोलापूरचा, सध्या शिकायला जर्मनीत स्टुटगार्टला आहे. इथे एक जुना लॅपटॉप स्वस्तात मिळाला, त्यावर ग्राफिक्स न घेता डेबियन लिनक्स टाकलं. इन्स्टॉल करताना कीबोर्ड जर्मन निवडला, कारण कळांवर तसंच छापलेलं आहे. पण माझा हात आपल्याकडच्या कीबोर्डवर बसलेला. न बघता टाइप केलं की वायच्या जागी झेड येतं, डॅशच्या जागी भलतंच अक्षर, आणि व्हीआय या संपादकातून बाहेर पडायला कोलन मारला तर डोक्यावर दोन टिंबं असलेला ओ उमटतो! मित्राने ‘लोडकीज यूएस’ द्यायला सांगितलं, तर मशीन म्हणतं की ‘यूएस’ नावाची फाइल उघडता येत नाही. शिवाय डिस्क एनक्रिप्ट केलेली आहे, सुरू होतानाच पासफ्रेज विचारते. कीबोर्ड अमेरिकन कसा करू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. त्यावर येतेच. आधी हे का होतं, ते बघू.

कळ दाबली की कीबोर्डकडून अक्षर जातच नाही, नंबर जातो. टीच्या उजवीकडची कळ लिनक्सच्या लेखी २१ नंबरची. तळाच्या ओळीतली डावीकडची, म्हणजे आपल्याकडच्या झेडची, ४४ नंबरची. त्यांच्यावर काय छापलंय ते लॅपटॉपला ठाऊक नसतं. २१ आला की कोणतं अक्षर काढायचं याचा तक्ता कर्नलजवळ, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याजवळ, असतो, त्याला कीमॅप म्हणतात. जर्मन तक्त्यात २१ म्हणजे झेड, अमेरिकन तक्त्यात २१ म्हणजे वाय. कीबोर्ड तोच, फक्त तक्ता बदलायचा. स्टिकर आणायच्या भानगडीत पडू नका, महिनाभरात कडेने सुटतात आणि बोटाला चिकटतात.

मित्राने सांगितलेली ‘लोडकीज’, म्हणजे तक्ता चढवायची आज्ञा, चुकीची नाही, फक्त डेबियनच्या घरची नाही. आर्च किंवा फेडोराच्या माणसाला ती जिभेवर असते, कारण तिथे कन्सोलचे तयार तक्ते सोबत येतात. डेबियनवर ते बरेचदा बसवलेलेच नसतात, ते कन्सोल-डेटा नावाच्या वेगळ्या पॅकेजात असतात. डेबियन स्वतःचा कन्सोलचा तक्ता ग्राफिक्सच्या कीबोर्ड-व्याख्येवरून तयार करून घेतं. त्यामुळे तुम्ही सरळ डेबियनच्या वाटेने जा. ‘सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर कीबोर्ड-कॉन्फिगरेशन’ द्या. (‘सुडो’ म्हणजे पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवायची.) यातला डॅश तुमच्या सध्याच्या तक्त्यात उजव्या शिफ्टच्या लगेच डावीकडे आहे, आपल्याकडे जिथे तिरकी रेघ असते तिथे. वाय लागेल तेव्हा निमूट खाली बघून छापील वाय दाबा, कारण तूर्त छापील अक्षर आणि तक्ता जुळलेले आहेत.

पुढे प्रश्न येतील. मॉडेलमध्ये १०५ कळांचा साधा पीसी निवडा, १०४ नको. तुमच्या डाव्या शिफ्टला लागून एक जादा कळ आहे ना, लहान-मोठ्या कोनांची? ती ८६ नंबरची, १०५ कळांच्या युरोपीय कीबोर्डवर असते. लेआउट इंग्रजी, अमेरिकन. बाकी प्रश्नांना आहे ते राहू दे म्हणा. मग ‘सुडो सेटअपकॉन’. त्या क्षणी वाय जागेवर येईल. हे सगळं जाऊन बसतं ‘/इटीसी/डिफॉल्ट/कीबोर्ड’ या फाइलीत. तिथे एक्सकेबी-लेआउट या ओळीत ‘डीई’ होतं, त्याचं ‘यूएस’ झालेलं दिसेल. फाइल हाताने बदलून सेटअपकॉन दिलंत तरी तेच.

पण थांबा, हे करण्याआधी डिस्कचं बघा. तुम्ही पासफ्रेज घातली तेव्हा तक्ता जर्मन होता. सुरुवातीला पासफ्रेज विचारणारं जे इनिटरामएफएस नावाचं छोटं गाठोडं असतं, ते स्वतःच्या पोटात तक्त्याची वेगळी प्रत बाळगून असतं. ती प्रत आज जर्मन आहे, पण पुढे कधीतरी कर्नल अपडेट होईल, इनिटरामएफएस नव्याने बांधलं जाईल आणि नवीन तक्ता आत जाईल. नेमक्या त्या सकाळी, सेमिनारच्या दिवशी, तुमची पासफ्रेज लागणार नाही. पासफ्रेज तीच, बोटंही त्याच कळांवर, पण अक्षरं वेगळी. त्यात एखादं जर्मन अक्षर असलं तर अमेरिकन तक्त्यात ते काढायलाच जागा नाही.

म्हणून पहिलं काम असं की दोन्ही तक्त्यांत सारखीच उमटेल अशी दुसरी पासफ्रेज जोडा. फक्त लहान अक्षरं, त्यात वाय नको, झेड नको, कोणतंही चिन्ह नको. लांबी मात्र भरपूर ठेवा. आज्ञा ‘सुडो क्रिप्टसेटअप लक्सॲडकी’ आणि पुढे तुमच्या एनक्रिप्टेड पार्टिशनचं नाव. (‘लक्सॲडकी’मध्ये एल-यू-के-एस लहान अक्षरांत, ॲडचा ए आणि कीचा के मोठा.) ती आधी जुनी पासफ्रेज विचारेल, मग नवी दोनदा. जुनी तशीच राहते, एका डिस्कला अनेक किल्ल्या चालतात. मशीन एकदा बंद-चालू करून नव्या पासफ्रेजने उघडतं का ते बघा. उघडलं तरच तक्ता बदला, आणि बदलल्यावर ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू’ द्या, म्हणजे आतली प्रतही तुमच्या देखत बदलेल.

ग्रब, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्स चढवणारा प्रोग्राम, त्याचा मेनू मात्र या सगळ्याच्या आधीचा. तिथे काही टंकायची वेळ आली तर तो आपण होऊन अमेरिकन तक्ताच धरतो. तुम्हाला ते सोयीचंच.

प्रश्न : मी लातूरची, एका संस्थेत डेटा एंट्री करते आणि रात्री इमॅक्स हा संपादक शिकते. डावी करंगळी दिवसभर कंट्रोलकडे वाकवून दुखायला लागली आहे. कॅप्स लॉक मी कधीच वापरत नाही. त्या जागी कंट्रोल आणता येईल का? कन्सोलवरही?

उत्तर : येतं, आणि आणाच. एकेकाळी कंट्रोल तिथेच होता. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीच्या कीबोर्डवर एच्या डावीकडे कंट्रोल आहे. पुढे १०१ कळांचा कीबोर्ड आला तेव्हा त्या मोक्याच्या जागेवर कॅप्स लॉक येऊन बसला आणि कंट्रोल तळाच्या कोपऱ्यात गेला. म्हणजे तुमची करंगळी चाळीस वर्षांपूर्वीच्या एका फेरबदलाचं भाडं भरते आहे.

डेबियन-उबुंटूवर मघाच्याच फाइलीत एक्सकेबी-ऑप्शन्सच्या ओळीत अवतरणचिन्हांत ‘सीटीआरएल:नोकॅप्स’ लिहा आणि ‘सुडो सेटअपकॉन’ द्या. झालं. कॅप्स लॉक हवाच असेल तर ‘सीटीआरएल:स्वॅपकॅप्स’ लिहा, दोघांची अदलाबदल होते. डेस्कटॉपवर स्वतःच्या सेटिंग्जमध्ये तो तो डेस्कटॉप आपलं वेगळं चालवतो, तिथे पुन्हा एकदा सांगावं लागतं.

इतर लिनक्सवर स्वतःची छोटी फाइल करून लोडकीजला खाऊ घालायची. तिच्यात एकच ओळ : ‘कीकोड ५८ = कंट्रोल’. यातला कंट्रोल मोठ्या सीने सुरू होतो. ५८ हा कॅप्स लॉकचा नंबर. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. कन्सोलवर ‘सुडो शोकी’ द्या (एस-एच-ओ-डब्ल्यू-के-ई-वाय, सगळं जोडून) आणि कॅप्स लॉक दाबा. ‘कीकोड ५८ प्रेस’, मग ‘कीकोड ५८ रिलीज’ असं उमटेल. बाहेर कसं पडायचं म्हणून घाबरू नका, दहा सेकंद कशालाही हात लावला नाही की शोकी आपण होऊन बंद होतं.

‘माझ्यावर विश्वास ठेवू नका’ हे मी विनयाने म्हणत नाही. वीसेक वर्षांपूर्वी लॅबच्या मशीनवर मी नेमकी हीच ओळ लिहिली होती, फक्त ५८ च्या जागी २८ पडलं. चाचणी न घेता ती फाइल सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये टाकून मी घरी गेले. २८ म्हणजे एंटर.

सकाळी मशीन सुरू झालं. लॉगिनचं नाव टंकलं, एंटर दाबलं, कर्सर तिथेच. पुन्हा दाबलं. दाबून धरलं. मला वाटलं कीबोर्ड गेला, पण बाकीची अक्षरं तर उमटत होती. शेजारच्या मशीनचा कीबोर्ड काढून लावला, तेच. बटण दाबून मशीन बंद केलं, चालू केलं. तक्ता सुरुवातीलाच चढत होता, म्हणजे दरवेळी आजार पुन्हा तोच. तीनदा केलं. पोरं दारात उभी, पहिलं प्रॅक्टिकल नऊचं.

आमच्याकडे तेव्हा एक निवृत्तीला टेकलेले गृहस्थ होते, आयुष्यभर टेलेक्सवर काम केलेले. ते चहा घेऊन आले, दोन मिनिटं माझी तगमग बघितली, माझी ती ओळ ऐकली आणि म्हणाले, “मग एंटर आता कंट्रोल झालंय ना? एंटर धर आणि जे दाब.” धरलं, दाबलं, आणि पासवर्डची ओळ समोर! कंट्रोलबरोबर जे म्हणजे दहावं अक्षर, म्हणजे कोड १०, ओळ पुढे सरकवणारा. कंट्रोलबरोबर एम म्हणजे १३, एंटरचा खराखुरा कोड. मशीनला कळेशी देणंघेणं नाही, कोड मिळाला की झालं. त्याहून वाईट म्हणजे उजवीकडच्या नंबरपॅडवरचं एंटर अख्खा वेळ शाबूत होतं, त्याचा नंबर ९६. ते आम्हा दोघांनाही दुपारी जेवताना सुचलं.

तेव्हापासून माझा शिरस्ता सांगते. नवीन तक्ता चढवण्याआधी जुना काढून ठेवायचा : रूट (म्हणजे मशीनचा प्रशासक) होऊन ‘डम्पकीज > जुना.मॅप’. मग एकाच ओळीत तीन आज्ञा, मध्ये अर्धविराम देऊन : ‘लोडकीज नवा.मॅप; स्लीप ३०; लोडकीज जुना.मॅप’. नवा तक्ता तीस सेकंद राहतो आणि काही न दाबता जुना परत येतो. त्या तीस सेकंदांत दुसऱ्या कन्सोलवर जा (ऑल्ट आणि एफ२), लॉगिन करून बघा, एंटर चालतं का बघा, पासवर्डातली चिन्हं उमटतात का बघा. तक्ता सगळ्या कन्सोलना मिळून एकच असतो, म्हणून दुसरीकडे जाऊन बघितलेलं चालतं. पासवर्डाची चाचणी लॉगिनच्या ‘नाव’ या जागी टंकून घ्यायची, तिथे अक्षरं दिसतात. आजूबाजूला कोणी नाही ना, तेवढं बघून.

करंगळीसाठी आणखी एक. दुखणं पंधरा दिवसांत कमी झालं नाही तर तक्ते बदलत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहितोय. नॅनो या संपादकात काम संपवून बाहेर आलो आणि सवयीने कंट्रोल-एस दाबलं. पडदा गोठला. काहीही टंकलं तरी उमटेना. शेवटी मेन स्विच बंद केला. मशीन खराब आहे का?

उत्तर : नाही. कंट्रोल-क्यू दाबा.

टेलिप्रिंटरच्या काळात समोरच्याला ‘थांब’ म्हणायचा हा इशारा होता, आणि क्यू म्हणजे ‘चालू दे’. टर्मिनल आजही तो पाळतं. तुम्ही टंकत होतात ते सगळं आत साठत होतं, क्यू दाबताच धाडकन उमटलं असतं. म्हणून गोठलेल्या पडद्यावर चिडून काहीबाही टंकू नये, त्यात एखादी काढून टाकायची आज्ञा असली तर तीही चालून जाते. कायमचं बंद करायचं तर ‘एसटीटीवाय -इक्सऑन’ ही ओळ आपल्या बॅशआरसी फाइलीत टाका. ‘इक्सऑन’ म्हणजे आय-एक्स-ओ-एन. त्याच्या आधीचं ऋणचिन्ह विसरू नका, नाहीतर नेमकं उलट होईल. आणि हो, स्क्रोल लॉक चुकून दाबलं गेलं तरी कन्सोल असाच गोठतो. ते पुन्हा दाबायचं.

प्रश्न : मी जळगावला शिक्षक आहे. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर माझा वेग चांगला आहे. शाळेच्या जुन्या संगणकावर ग्राफिक्स चालत नाही, म्हणून कन्सोलवरच मराठीत टिपणं काढायची आहेत. इनस्क्रिप्टचा तक्ता कन्सोलवर चढवला, पण चौकोन उमटतात. फॉन्ट कोणता टाकू?

उत्तर : गुरुजी, तुमचं निम्मं काम बरोबर झालंय, म्हणूनच उत्तर द्यायला वाईट वाटतं. तक्ता चढतो. के दाबलं की कर्नल ‘क’चाच युनिकोड पाठवतं, एफ दाबलं की ऱ्हस्व वेलांटी. अडतं ते चित्र काढताना.

लिनक्सच्या कन्सोलचा फॉन्ट २५६ किंवा फार तर ५१२ चित्रांचा असतो. देवनागरीचा युनिकोडमधला गट १२८ जागांचा, म्हणजे आकड्यांत तो बसेल असं वाटतं. आता ‘क्षि’ लिहून बघा. साठवताना तिथे चार वस्तू एकामागून एक असतात : क, हलन्त, ष आणि शेवटी वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी सगळ्यांच्या आधी येते, आणि क, हलन्त, ष मिळून एकच आकार होतो, जो त्या तिघांपैकी कोणासारखाच दिसत नाही. हे जुळवून मांडायला एक वेगळी यंत्रणा लागते, तिला शेपिंग म्हणतात. कन्सोलजवळ ती नाही. त्याच्याजवळ वहीच्या चौकटींसारखी रकान्यांची जाळी आहे आणि एका चौकटीत एक चित्र, एवढंच त्याला कळतं. देवनागरीची चित्रं घालून फॉन्ट बनवलात तरी ‘कि’ची वेलांटी चुकीच्या बाजूला राहील आणि जोडाक्षरं फुटलेलीच दिसतील. डेबियन बसवताना अक्षरी इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीत मराठी सापडत नाही आणि ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये सापडते, त्याचं कारण हेच.

गंमत म्हणजे इनस्क्रिप्ट हा तक्ता आपल्याकडे सरकारी प्रमाण म्हणून १९८६ सालापासूनचा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, इतकी विचारपूर्वक रचना, आणि लिनक्सच्या कन्सोलवर तिला उमटायला जागा नाही!

मग करायचं काय? संगणक जुना असला तरी अगदी हलका विंडो मॅनेजर आणि एक साधा संपादक बहुतेक वेळा चालून जातो. पूर्ण डेस्कटॉप नको. ते नसेल जमत तर तो जुना संगणक फाइली ठेवायला वापरा आणि ज्या मशीनवर मराठी नीट दिसते तिथून एसएसएच (दुरून दुसऱ्या मशीनवर काम करायची सोय) करून त्यात लिहा. अक्षरं काढायचं काम तेव्हा तुमच्या समोरच्या मशीनचं असतं, शाळेतल्याचं नाही.

फक्त रुपयाचं चिन्ह कन्सोलवर हवं असेल, जमाखर्चासाठी वगैरे, तर ते होतं. त्याला जोडाक्षराची कटकट नाही. फाइलीत दोन ओळी लिहा : ‘कीकोड १०० = ऑल्टजीआर’ आणि ‘ऑल्टजीआर कीकोड ५ = यू+२०बी९’. पहिल्या ओळीतल्या ऑल्टजीआरचे ए आणि जी मोठे, दुसऱ्या ओळीत सगळी अक्षरं लहान. १०० म्हणजे उजवं ऑल्ट. आणि ५ म्हणजे पाचाची कळ नव्हे, चाराची! नंबर १ एस्केपने घेतला आहे, त्यामुळे आकड्यांच्या कळा सगळ्या एकाने पुढे सरकल्या. इथे बरेच जण फसतात. लोडकीजने फाइल चढवा, उजवं ऑल्ट धरून ४ दाबा. फॉन्टमध्ये चिन्ह नसेल तर पडद्यावर चौकोनच दिसेल, पण फाइलीत रुपया बरोबर गेलेला असतो. खात्री करायची तर ‘एक्सएक्सडी’ने (फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवणारी आज्ञा) फाइल उघडा. ई२ ८२ बी९ अशी तिक्कल दिसली की तो रुपया.

प्रश्न : वय ७४. मडगावला घरी फ्रीबीएसडीचा (युनिक्सच्या घराण्यातली, लिनक्सहून वेगळी प्रणाली) छोटा सर्व्हर चालवतो, छंद म्हणून. हाताला कंप असल्याने बोट कळेवर जरा रेंगाळतं आणि एका अक्षराची पाच होतात. वर दरवेळी मशीन पीं करून ओरडतं, ते वेगळंच. लिनक्सवरच्या उत्तरांचा उपयोग होत नाही.

उत्तर : काका, फ्रीबीएसडीचं घर वेगळं आणि माझ्या मते जास्त नीटनेटकं. तिथे एकच आज्ञा लक्षात ठेवायची, ‘केबीडीकंट्रोल’.

कळ दाबून ठेवली की दोन वेळा मोजल्या जातात. पहिली, अक्षर पुन्हा उमटायला लागण्याआधी मशीन किती थांबतं. दुसरी, एकदा सुरू झालं की दोन अक्षरांत किती अंतर. तुम्हाला पहिली वाढवायची आहे, दुसरीला हात लावायचं कारण नाही. ‘केबीडीकंट्रोल -आर १०००.१२६’ द्या. टिंबाआधीचा आकडा थांबण्याचा, हजार मिलिसेकंद म्हणजे पूर्ण एक सेकंद, आणि त्याहून जास्त तिथे मिळत नाही. नंतरचा आकडा अंतराचा. तयार ‘स्लो’ पर्याय आहे, पण तो १०००.५०४ चा. बाणाची कळ दाबून लांब ओळीच्या टोकाला जायचं म्हटलं तर अर्ध्या अर्ध्या सेकंदाने एक घर सरकणार, तुम्हीच कंटाळाल. बरं वाटलं की ‘/इटीसी/आरसी.कॉन्फ’मध्ये ‘कीरेट’ या नावापुढे तोच आकडा अवतरणात लिहा. ओरडणं थांबवायला ‘केबीडीकंट्रोल -बी ऑफ’, कायमचं करायला त्याच फाइलीत ‘कीबेल’पुढे ‘ऑफ’.

एक सेकंद थांबूनही अक्षरं दुहेरी येत असतील तर ती रेंगाळण्याने येत नाहीत, बोट दोनदा टेकल्याने येतात. त्याला हे औषध नाही. जरा जड स्प्रिंगचा, कळ खोल दाबावी लागेल असा कीबोर्ड घ्या.

लिनक्सवाल्यांसाठी हेच ‘सुडो केबीडीरेट -डी १००० -आर १०’. तिथे -आर म्हणजे सेकंदाला किती अक्षरं. फ्रीबीएसडीच्या उलट, आकडा वाढवला की वेग वाढतो.

प्रश्न : नागपूर. क्लाउडवरच्या सर्व्हरवर एसएसएचने जाऊन कीबोर्डाचा तक्ता तीनदा बदलला. आज्ञा चूक दाखवत नाही, पण माझ्याकडे फरक शून्य.

उत्तर : फरक पडला आहे, पण तुमच्याकडे नाही. तो सर्व्हर जिथे आहे तिथे त्याला खराखुरा कीबोर्ड जोडून कोणी बसलं तर त्याला पडेल. एसएसएचमधून सर्व्हरला तुमच्या कळांचे नंबर जात नाहीत, तयार झालेली अक्षरं जातात. ती तुमच्या लॅपटॉपवर ठरतात, तिथेच बदला. आणि सर्व्हरवरचं ते आधी होतं तसं करून ठेवा. कंपनीच्या वेब कन्सोलमधून कधी आत शिरायची वेळ आली, तर पासवर्डातलं ॲट द रेट कुठे गेलं ते शोधत बसाल. ब्रिटिश तक्ता चढवला असेल तर सांगून ठेवते, ते दुहेरी अवतरणाच्या जागी सापडेल.

मागच्या अंकातली दुरुस्ती : पडद्यावरून वर निघून गेलेला मजकूर शिफ्ट आणि पेजअपने परत दिसतो, असं मी लिहिलं होतं. धुळ्याच्या एका वाचकाने, नव्या मशीनवर तसं काहीच होत नाही, असं सौम्य शब्दांत कळवलं. ते बरोबर आहेत. कन्सोलची ती सोय २०२० मध्ये, ५.९ या कर्नलपासून, काढून टाकली गेली. आता मागचं बघायचं तर आज्ञेपुढे उभी रेघ देऊन ‘लेस’ (मजकूर पानापानाने दाखवणारी आज्ञा) लावा, किंवा आधीपासून टीमक्समध्येच (वर गेलेला मजकूर जपून ठेवणारा प्रोग्राम) काम करा. फ्रीबीएसडीवर मात्र स्क्रोल लॉक दाबून पेजअप अजून चालतं. माझ्या घरचं मशीन अजून ४.१९ वर आहे, तिथे सगळं दिसायचं, म्हणून मला पत्ताच नव्हता. येत्या रविवारी ते बदलायला घेते.